केटामाइनचे उपचार मुंबईत घ्यायचे असतील तर: डॉक्टर शोधण्यापासून बिल भरेपर्यंत

सुरुवात पैशापासून करतो, कारण बाकीचं सगळं त्यावरूनच उलगडतं. केटामाइन हे महागडं औषध नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालेलं, १९७० पासून भूल देण्यासाठी मंजूर असलेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत बसलेलं हे जुनं इंजेक्शन आहे. आता ते नैराश्यासाठीही देतात, आणि त्यासाठीचा रूढ डोस म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, सलाईनमधून, साधारण ४० मिनिटांत. साठ किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम लागले. बाटलीत दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम औषध असेल तर त्यातलं ०.६ मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढलं की झालं. दहा मिलिलिटरच्या एका बाटलीत असे सोळा डोस मावतात.

तरीही एका बैठकीचं, म्हणजे एकदा हे सलाईन लावून घेण्याचं, बिल हजारांत होतं. ते पैसे खाटेचे, मॉनिटरचे, नर्सचे, भूलतज्ज्ञाचे आणि दोन-तीन तास तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांचे असतात. म्हणून कुणी फारच स्वस्तात देतो म्हणाला, तर यातलं नेमकं काय गाळलंय ते विचारायचं. कुणी अव्वाच्या सव्वा सांगितले, तर ते कशाचे हेही विचारायचं. पुढचा सगळा लेख या दोन प्रश्नांच्या आजूबाजूला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच. घरात कुणाच्या मनात आत्ता, आज जीव द्यायचे विचार असतील तर हे वाचत बसू नका. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, माणसाला एकटं सोडू नका. तोवर बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गरज आहे का, ते आधी ठरू द्या

केटामाइन ही नैराश्यावरची पहिली पायरी नाही. किमान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही फरक पडत नसेल, तर डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. केटामाइनचा विचार तिथून पुढे सुरू होतो. आपल्याकडे गंमत अशी, की ‘सगळी औषधं करून झाली’ म्हणणाऱ्या अनेकांची एकही गोळी नीट झालेली नसते. तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं म्हणून बंद केली, दुसरी अर्ध्याच डोसवर राहिली, तिसरी मामांनी सांगितलं म्हणून सोडली.

त्यामुळे पहिलं काम घरी बसून करायचं आहे. जुन्या चिठ्ठ्या बाहेर काढा आणि एका कागदावर लिहा: औषधाचं नाव, जास्तीत जास्त किती डोस घेतला, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, काय फरक पडला, का बंद केलं. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर केमिस्टकडची जुनी बिलं किंवा औषधांच्या अॅपवरच्या ऑर्डरी बघा, तारखांसकट सापडतात. या एका पानावर पुढचं बरंच अवलंबून आहे. डॉक्टर ते बघून ठरवतील आणि विमा कंपनीशी भांडायची वेळ आली तर हाच कागद कामाला येईल.

थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलेलं नसेल तर ते करून घ्या. दारू रोजची असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. अनियंत्रित रक्तदाब, रक्तवाहिनीला फुगवटा, हृदयाचा गंभीर आजार, भास-भ्रम होणारा आजार, गरोदरपण, व्यसनाचा सक्रिय इतिहास, यांपैकी काही असेल तर डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी उसळतं तर कधी कोसळतं अशा आजारात, फार जपून देतात. चिंता, ओसीडी किंवा आघातानंतरच्या त्रासासाठी केटामाइनचे प्रयोग झाले आहेत, पण नैराश्याइतका भक्कम पुरावा तिथे नाही. या कारणांसाठी कुणी छातीठोकपणे सहा बैठका विकत असेल तर सावध राहा.

‘शॉक’बद्दलही, म्हणजे विजेच्या झटक्यांच्या उपचाराबद्दलही, इथेच बोलून घेऊ. शॉक म्हटलं की घरात शांतता पसरते, जुने सिनेमे आठवतात. आज तो भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याशिवाय द्यायला मनाईच केली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत केटामाइन आणि शॉक यांची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली. भास-भ्रम नसलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे सुमारे चारशे रुग्ण त्यात होते. केटामाइनच्या गटात ५५ टक्के लोकांना ठळक फरक पडला, शॉकच्या गटात ४१ टक्के. म्हणजे केटामाइन चांगलंच आहे, पण जवळपास निम्म्यांना त्यानेही पुरेसा फरक पडला नाही. आणि भास-भ्रम असतील, माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल, तर शॉकची बाजू अजूनही जड आहे. पैशाचा विचार केला तर महापालिकेच्या मेडिकल कॉलेजात शॉक फार कमी खर्चात होतो. हा पर्याय लाजेखातर यादीतून काढू नका.

घरपोच केटामाइन: विषय संपवूनच टाकू

इंटरनेटवर अमेरिकेतले अनुभव वाचून पुष्कळ जण विचारतात, की व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी लिहून दिलं आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या घरी आल्या, असं इथे होईल का? नाही होणार. भारतात केटामाइन औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे आणि अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही येतं. शेड्यूल एक्सची औषधं ठेवायला केमिस्टला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक त्याला जपून ठेवावी लागते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार ही औषधं ऑनलाइन सल्ल्यातून लिहून देताच येत नाहीत. तेव्हा इन्स्टाग्रामवर ‘मुंबईत होम डिलिव्हरी’ दिसली, तर तो माल बेकायदा आहे आणि बाटलीत काय आहे ते देवाला माहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये, देखरेखीशिवाय घरी घेतल्या जाणाऱ्या अशा बनवून दिलेल्या केटामाइनबद्दल जाहीर इशारा दिला होता.

नाकात मारायचा स्प्रे ही वेगळी चीज. ते एस्केटामाइन. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मंजूर झालं, आणि तिथेही ते दवाखान्यातच, दोन तास बसवून देतात. आपल्याकडे सलाईनमधून दिलं जाणारं साधं केटामाइन मंजूर आहे ते भुलेसाठी. नैराश्यासाठी डॉक्टर ते ‘ऑफ-लेबल’ वापरतात. यात चोरी काही नाही, वैद्यकात असं पुष्कळ चालतं. पण हा शब्द लक्षात ठेवा, विम्याच्या वेळी तो पुन्हा भेटणार आहे.

शोध कुठून सुरू करायचा

‘केटामाइन क्लिनिक’ असं शोधायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञ शोधायचा. कारण ज्या दुकानात एकच वस्तू आहे, तिथे तीच तुम्हाला लागते असं निदान होण्याची शक्यता जास्त.

सध्याचे डॉक्टर असतील तर त्यांनाच आधी विचारा. ‘मला केटामाइन द्या’ म्हणू नका. ‘माझं नैराश्य औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारात बसतं का, आणि बसत असेल तर शॉक, मेंदूला बाहेरून दिलेलं चुंबकीय उत्तेजन, चालू गोळ्यांना लिथियमची जोड आणि केटामाइन यांत तुम्ही काय सुचवाल?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर देताना डॉक्टर जितका वेळ घेतील, त्यावरून बरंच कळतं.

दुसरं मत घ्यायला मुंबईत सगळ्यात चांगली आणि स्वस्त जागा म्हणजे सरकारी आणि महापालिकेची मेडिकल कॉलेजं: परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जेजे. सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, ते औषधांचं पान हातात ठेवा. रांग लांब असते, आधी शिकाऊ डॉक्टर सगळं विचारतात, मग वरिष्ठ बघतात. अर्धा दिवस मोडतो. पण तिथे कुणालाही तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं, हा त्या अर्ध्या दिवसाचा मोबदला. केटामाइन सध्या त्या विभागात देतात का, हे तिथेच विचारा. देत नसतील तरी कुठे पाठवतात, ते कळेल.

खासगीत जाताना डॉक्टरच्या नावापुढे एमडी सायकिअॅट्री, डीएनबी किंवा डीपीएम आहे का बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नोंदणी तपासा. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक थेरपी करतात, त्यांचं काम मोलाचं आहे, पण औषध लिहून देणं त्यांच्या अधिकारात नाही. ‘वेलनेस कोच’ केटामाइनबद्दल बोलू लागला तर चहा पिऊन निघा.

खाटा असलेल्या नर्सिंग होममध्ये बैठक होणार असेल तर त्याची महापालिकेकडे नोंदणी असते. प्रमाणपत्र आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. नसेल लावली तर विचारायला लाजू नका.

फोनवर आणि काउंटरवर काय विचारायचं

मावसभावाबरोबर पश्चिम उपनगरातल्या एका ठिकाणी गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने छापील रंगीत कागद पुढे केला: सहा बैठका, एक रक्कम, खाली ‘आज बुक केल्यास सूट’. डॉक्टरांनी अजून त्याला पाहिलंही नव्हतं. मी विचारलं, ‘भूलतज्ज्ञ जागेवर असतात का?’ ती म्हणाली, ‘सर, ऑन कॉल असतात.’ ‘किती वेळात पोचतात?’ यावर तिने आत जाऊन विचारून येते म्हणून सांगितलं. आम्ही थांबलो, उत्तर काही आलं नाही, आम्ही लिफ्टने खाली आलो.

तर विचारायचं ते असं. औषध चालू असताना खोलीत कोण असतं? नर्स एकीकडे लक्ष ठेवून दुसऱ्या रुग्णाचं ड्रेसिंग करणार का? रक्तदाब आणि ऑक्सिजन दर किती मिनिटांनी बघतात? ऑक्सिजन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), तातडीची औषधं खोलीतच आहेत का? काही बिघडलं तर कुठल्या हॉस्पिटलात हलवणार? मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. संध्याकाळी सहाला अंधेरी-कुर्ला रोडवरून अॅम्ब्युलन्स किती वेगाने जाते, ते आपण सगळे जाणतो.

मग उपचाराबद्दल. पहिल्या बैठकीआधी ईसीजी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या करतात का? त्रासाची मोजणी कशाने करतात? पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. शून्य ते सत्तावीस गुण असतात. पहिल्या बैठकीआधी ती भरून घेतली नाही, तर नंतर फरक पडला की नाही हे कुणी कशावरून ठरवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं: फरक नाही पडला तर किती बैठकांनंतर थांबता? याचं उत्तर ‘बघू पुढे’ असेल तर तुमच्या बँक खात्याच्या दृष्टीने ते चांगलं उत्तर नाही.

एस्टिमेट हातात आल्यावर

तोंडी आकडा घेऊ नका. फोड लिहून मागा: मानसोपचारतज्ज्ञांची फी, भूलतज्ज्ञांची फी, खाट किंवा डे-केअर, मॉनिटरिंग, औषध, सलाईन-सुई वगैरे किरकोळ सामान, तपासण्या. यात ‘औषध’ या ओळीसमोर हजारोंचा आकडा असेल तर वर केलेला ०.६ मिलिलिटरचा हिशोब आठवा आणि बॅच नंबरसकट औषधाचं बिल मागा. परदेशी स्प्रे आहे असं सांगत असतील तर खोका, बॅच आणि बिल तिन्ही डोळ्यांनी बघा.

दुसरी खूण जीएसटीची. नोंदणीकृत डॉक्टर किंवा दवाखान्यात होणाऱ्या उपचारांवर जीएसटी लागत नाही. बिलावर ‘वेलनेस सर्व्हिसेस’ म्हणून जीएसटी लावलेला दिसला, तर ते स्वतःच सांगताहेत की आम्ही याला उपचार म्हणून नोंदवत नाही. असं बिल विमा कंपनीपुढे ठेवून उपयोग नाही.

पूर्ण खर्चाची बेरीज आपली आपण करायची. नेहमीचा पहिला टप्पा म्हणजे आठवड्याला दोन-तीन अशा सहा बैठका, दोन-तीन आठवड्यांत. समजा एका बैठकीला आठ हजार सांगितले. हा आकडा नुसता हिशोबापुरता धरतोय. सहा बैठकांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. त्यात आधीच्या तपासण्या, दोनदा सल्ल्याची फी, सहा वेळा जाऊन-येऊन टॅक्सी, तुमच्या आणि सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या रजा. आणि जे कागदावर कुठेच नसतं ते: केटामाइनचा परिणाम टिकाऊ नसतो. एका बैठकीचा परिणाम बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. फरक पडला, तर पुढे महिन्या-दीड महिन्याने एखादी बैठक लागू शकते. म्हणजे अठ्ठेचाळीस हजारांवर खर्च संपेल असं धरून चालू नका. वर्षभर महिन्याला आठ हजार जमणार असतील, तरच सुरुवात करावी का यावर घरात बोला.

पैसे बैठकीमागे भरा. सहाचे आगाऊ भरून मिळणारी दहा टक्के सूट ही तिसऱ्या बैठकीनंतर थांबायची तुमची मोकळीक काढून घेते. अगदीच आगाऊ द्यायचे झाले, तर न झालेल्या बैठकांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील ते पावतीवर लिहून घ्या. काउंटरवरच मिळणाऱ्या ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या फंदात पडू नका. उपचार थांबला तरी हप्ता थांबत नाही.

विमा: कायदा तुमच्या बाजूने, शब्दरचना कंपनीच्या

मानसिक आरोग्य कायद्याच्या २१(४) या कलमाप्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा द्यावा लागतो. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसं कळवलं आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी त्यात बसवा. त्यामुळे ‘आम्ही मानसिक आजार कव्हर करत नाही’ हे उत्तर आता चालत नाही.

पण केटामाइनचा क्लेम अडकतो तो दुसऱ्या खिळ्यांवर. पहिला खिळा: बहुतेक पॉलिसी २४ तास दाखल होण्यावर चालतात. अपवाद ‘डे-केअर’चा, पण त्याची व्याख्या अशी की पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन केलेले, एरवी २४ तासांहून जास्त दाखल व्हावं लागलं असतं असे उपचार. केटामाइनचा नैराश्यासाठीचा डोस भुलेच्या डोसपेक्षा कमी, म्हणून कंपनी म्हणते, हे ओपीडी आहे. दुसरा खिळा: ‘हॉस्पिटल’ची व्याख्या. मुंबईसारख्या शहरात किमान १५ खाटा लागतात. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं चार रिक्लायनरचं सुंदर क्लिनिक त्यात बसत नाही. तिसरा: प्रमाणित अपवादांतला कोड १६, ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’. ऑफ-लेबल हा शब्द इथे भेटतो. चौथा: पॉलिसी घेताना नैराश्य आधीपासून असेल तर प्रतीक्षाकाळ. तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. नैराश्य लपवून पॉलिसी घेतली असेल तर तो वेगळाच घोळ.

मग करायचं काय? बैठक सुरू व्हायच्या आधी विमा कंपनीला आणि टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी मध्यस्थ संस्था) ईमेल करा. पॉलिसी नंबर, डॉक्टरांनी लिहिलेलं निदान आणि त्याचा कोड (नैराश्यासाठी बहुधा एफ३२ किंवा एफ३३ने सुरू होणारा), उपचाराचं नाव, जागेचं नाव आणि खाटा, एस्टिमेट, एवढं त्यात घाला. एकच प्रश्न विचारा: हे डे-केअरमध्ये धरणार की ओपीडीत, आणि कुठल्या कलमानुसार? कॉल सेंटरवरचं ‘हो सर, कव्हर्ड आहे’ याची किंमत शून्य. ईमेलचं उत्तर जपून ठेवा. डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या, त्यात आधीची अपयशी औषधं, डोस आणि तारखा असू द्या. पहिल्या दिवशी केलेलं ते पान इथे उपयोगी पडतं.

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत पुष्कळदा ओपीडीसाठी वेगळी रक्कम असते, ती आधी तपासा. सल्ल्याची फी आणि तपासण्या तरी त्यातून निघतात. एचआरला कळेल या भीतीने लोक क्लेमच करत नाहीत. कागद एचआरच्या हातात न देता थेट टीपीएच्या पोर्टलवर चढवा.

काही ठिकाणी दबक्या आवाजात सांगतात, ‘एक रात्र दाखल दाखवू, क्लेम बसेल.’ नको. खोटी भरती उघड झाली तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि नैराश्याचा इतिहास असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळवताना काय त्रास होतो ते विचारू नका. डॉक्टरांना खरोखरच दाखल करणं गरजेचं वाटलं, उदाहरणार्थ आत्महत्येचा धोका असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पूर्ण भरतीचा क्लेम होतो आणि केटामाइन त्या बिलातली एक ओळ असते.

नकार आला तर तो कलमासकट लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, सोबत आणताही येत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचं. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

खिसा रिकामा असेल तर

मुंबईतली पुष्कळ मोठी खासगी हॉस्पिटलं कागदावर धर्मादाय आहेत. जसलोक, लीलावती, हिंदुजा ही नावं त्यात येतात. मुंबई उच्च न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी काढलेली असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. ही योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे, त्यामुळे नुसत्या केटामाइनच्या बैठकीला लागू होईलच असं नाही, पण भरती होणार असेल तर विचारल्याशिवाय राहू नका. नन्नाचा पाढा लावला तर वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो.

सरकारी हॉस्पिटलमध्येही समाजसेवा विभाग असतो, तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. बाहेरून आणायच्या औषधांसाठी आणि तपासण्यांसाठी तिथून मदत मिळू शकते.

बैठकीचा दिवस

सकाळची वेळ मागून घ्या. आधी किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील, साधारण घन पदार्थ सहा तास आणि पाणी दोन तास बंद. रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही, झोपेच्या गोळ्यांचं काय करायचं, हे आदल्या दिवशी विचारा. बेन्झोडायझेपिन गटातल्या (झोपेच्या आणि चिंतेच्या पुष्कळशा) गोळ्यांनी परिणाम कमी होऊ शकतो, पण म्हणून त्या मनाने बंद करू नका, अचानक सोडल्याने फिट येऊ शकते.

सलाईन सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत शरीर हलकं झाल्यासारखं, खोली लांब गेल्यासारखी, आवाज पाण्यातून आल्यासारखे वाटू शकतात. काहींना घाबरायला होतं, काहींना मळमळ, काहींचा रक्तदाब चढतो. बहुतेकांचं तासा-दोन तासांत ओसरतं. मोबाइल सोबतच्या माणसाकडे द्या; त्या अवस्थेत कुणाला काय मेसेज जाईल सांगता येत नाही. सोबतचा माणूस हवाच, आणि तो खाली चहा प्यायला गेलेला नको.

बैठकीनंतर लगेच लोकलने घरी जायचा विचार सोडा. डोंबिवली-विरारला राहणाऱ्यांसाठी टॅक्सी महाग पडते, म्हणून जवळच्या नातेवाइकाकडे दुपारभर पडून राहणं हा चांगला तोडगा आहे. मग ज्याच्या-त्याच्या तब्येतीप्रमाणे, गर्दी नसलेल्या वेळेच्या स्लो ट्रेनने, सोबत माणूस घेऊन. दुचाकी आणि गाडी दुसऱ्या दिवशी नीट झोप झाल्यावरच. सही करायचे महत्त्वाचे कागद, बँकेचे व्यवहारही त्या दिवशी नको.

पुढे चालू ठेवायचं की थांबायचं

दर बैठकीआधी पीएचक्यू-९ भरा आणि गुण त्याच पानावर तारखेसह लिहा. गुण निम्म्यावर आले तर त्याला प्रतिसाद म्हणतात. चार बैठकांनंतरही आकडा जवळपास तिथेच असेल, तर उरलेल्या दोनांचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी थेट बोला. आकडा उतरला असेल तर पुढचा काळ वाया घालवू नका. झोप, थेरपी, गोळ्यांची नवी मांडणी या गोष्टी त्या बऱ्या वाटणाऱ्या दिवसांतच रुळतात. नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या की नाही हे केटामाइन देणारा आणि तुमचा मूळ डॉक्टर दोघांनी मिळून ठरवलेलं बरं.

बैठका लांबत गेल्या तर लघवीकडे लक्ष ठेवा. वारंवार लागणं, जळजळ, रक्त दिसणं, यातलं काही झालं तर पुढची बैठक थांबवून आधी ते सांगा. केटामाइनच्या जास्त आणि दीर्घ वापराने मूत्राशयाला इजा होते, हे नशेसाठी वापरणाऱ्यांमध्ये नीट नोंदलं गेलं आहे. बैठकीची वाट पाहण्यात तळमळ वाटू लागली, तारीख अलीकडे घ्यावीशी वाटू लागली, तर तेही सांगा.

शेवटच्या बैठकीनंतर प्रत्येक वेळचा डोस, रक्तदाबाच्या नोंदी आणि गुण यांच्या प्रती मागून घ्या. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यातच आहे. पुढे पैसे कमी पडले आणि केईएम किंवा नायरला उपचार हलवायचे झाले, तर तिथला डॉक्टर पहिल्यांदा हेच कागद मागेल.